बंद केलेला सर्व्हर सकाळी परत चालू: कोल्हापुरातल्या एका क्लाउड कोर्सचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला 'क्लाउड कॉम्प्युटिंगची ओळख' असा वैकल्पिक विषय आहे. (क्लाउड म्हणजे वेबपानं पुरवणारी यंत्रं, अर्थात सर्व्हर, विकत न घेता दुसऱ्या कंपनीकडून इंटरनेटवर भाड्याने वापरणं.) वर्गात कॉम्प्युटरची मुलं जास्त, पण मेकॅनिकल आणि सिव्हिलचीही काही. विषय शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या नेटवर्किंगच्या. सत्राच्या शेवटी मी तिथे तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक होतो. या विषयात एका महिन्यात काय घडलं, हे मला मुलांच्या उत्तरांतून, मॅडमकडून आणि त्यांनी दाखवलेल्या बिलावरून कळलं. महाविद्यालयाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. हा विषय पहिल्यांदा हातात घेणाऱ्या शिक्षकांनी हे वाचावं, एवढीच इच्छा.

अभ्यासक्रम नेहमीचाच. पहिल्या युनिटात अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची २०११ ची व्याख्या: पाच वैशिष्ट्यं, सेवेचे तीन प्रकार, मांडणीचे चार प्रकार. पुढे व्हर्च्युअलायझेशन, साठवण, नेटवर्क, सुरक्षा आणि शेवटी एक छोटा प्रकल्प. त्या पाच वैशिष्ट्यांतलं पाचवं म्हणजे मोजून दिलेली सेवा: जेवढं वापराल तेवढं मोजलं जाणार आणि त्याचा हिशेब दोघांनाही दिसणार. मुलांच्या वह्यांत याला दोन ओळी होत्या, आणि पेपरात ते आलंच तर चार मार्कांची टीप.

प्रकल्प: 'किती झालं?'

सत्र जुलैत सुरू होतं, आणि कोल्हापुरात जुलै लागला की सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. हे आकडे इथे शाळेतली पोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली होता आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं होतं. त्या दिवसांत फोन उचलला की नमस्काराच्या आधी एकच प्रश्न यायचा, 'किती झालं?'

मॅडमनी प्रकल्प तोच दिला. प्रशासन जी पातळी जाहीर करतं ती दाखवणारं एक वेबपान करायचं: आकडा, वेळ, इशारा आणि धोका पातळीपासूनचं अंतर. निवड मला पटली, आणि कारणं मॅडमनी वर्गात नीट सांगितली होती. एक म्हणजे, ज्या नदीची पातळी सांगायची तिच्याच पाण्यात सर्व्हर बुडून चालणार नाही. तो शाहूपुरीतल्या एखाद्या तळमजल्यावर असता तर नेमका हवा त्या दिवशी बंद पडला असता. दुसरं, या पानाकडे वर्षातले अकरा महिने कुणी ढुंकून बघणार नाही आणि चार दिवस अख्खा जिल्हा त्याच्यावर तुटून पडणार. इतकी चढउताराची गरज भागवायला कायमचं यंत्र विकत घेऊन ठेवणं परवडत नाही. क्लाउड कशासाठी, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही.

बहुतेक गटांनी साधा एक सर्व्हर घेतला, पान चढवलं, दाखवलं आणि पुसून टाकलं. तीन हौशी गटांनी मात्र पुढची पायरी गाठली. यूट्यूबवरचा एक व्हिडिओ समोर ठेवून त्यांनी पूर्ण मांडणी उभी केली. पुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा), त्यामागे दोन सर्व्हर आणि त्यांच्यावर ऑटो स्केलिंग ग्रुप (गर्दीप्रमाणे सर्व्हरची संख्या आपोआप कमी-जास्त करणारा): कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चार. सर्व्हर आतल्या बंद जाळ्यात, आणि त्यांना बाहेरून अपडेट आणता यावेत म्हणून एक नॅट गेटवे. डेमोच्या दिवशी 'अपाची बेंच' या चाचणीच्या साधनाने पान उघडण्याच्या हजारोंनी विनंत्या सोडल्या, दोनाचे चार सर्व्हर होताना सगळ्यांनी पाहिले, टाळ्या पडल्या. मग गणपतीची सुट्टी लागली.

खातं कुणाचं, कार्ड कुणाचं

ही गोष्ट अभ्यासक्रमात कुठेच नसते आणि पहिल्या आठवड्यात घोडं अडतं ते इथेच. बहुतेक मुलांकडे क्रेडिट कार्ड नसतं. घरच्यांचं डेबिट कार्ड मागायचं तर वडील म्हणतात, 'इंटरनेटवर कार्ड नंबर टाकायचा नाही,' आणि त्यात काही चूक नाही. शेवटी एडब्ल्यूएसवर, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेवर, विभागाचं एक जुनं खातं होतं, त्याला मॅडमनी स्वतःचं कार्ड जोडलं आणि प्रत्येक गटाला वेगळं लॉगिन काढून दिलं. मुख्य खात्याला दोन पायऱ्यांचं लॉगिन लावलं, दहा डॉलरची बजेट सूचनाही लावली. म्हणजे शिस्त होती.

पण या जुन्या खात्यात एक मेख होती. व्हिडिओतला माणूस 'हे सगळं फ्री टियरमध्ये बसतं' असं म्हणत होता. त्याचं खातं नवीन असणार. पूर्वीच्या योजनेत नव्या खात्याला पहिलं वर्षभर दरमहा ७५० तास छोटा सर्व्हर फुकट मिळायचा, आणि ७५० तास म्हणजे फक्त एक यंत्र महिनाभर चालू. ते तास अख्ख्या खात्यासाठी असतात. दहा गट एकाच खात्यात एकेक सर्व्हर चोवीस तास ठेवू लागले तर तीन दिवसांत खलास. विभागाच्या खात्याचं पहिलं वर्ष कधीच उलटलं होतं, त्यामुळे फुकट काहीच नव्हतं. (जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना तासांऐवजी क्रेडिट मिळतं. म्हणजे जुने व्हिडिओ आता आणखी जुने झाले.)

बिल

ऑगस्टचं बिल किरकोळ होतं. कार्डावरून आपोआप गेलं, कुणी उघडून पाहिलं नाही. सप्टेंबरचं आलं ते कर धरून तेवीस-चोवीस हजारांचं, आणि ते कळलं कसं, तर पैसे कापले गेले नाहीत म्हणून! रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असल्या आवर्ती वसुलीत १५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला ग्राहकाची वेगळी मंजुरी लागते. ती न मिळाल्याने व्यवहार अडला आणि मॅडमच्या फोनवर मेसेज आला. रक्कम चौदा हजार असती तर हे प्रकरण आणखी महिनाभर तरी झाकलेलं राहिलं असतं.

बजेट सूचनेचं काय झालं? ती वेळेवर आली होती. एकदा नाही, अनेकदा. फक्त ती खातं काढताना दिलेल्या विभागाच्या ईमेलवर गेली, आणि ती पेटी परिसंवादांच्या आमंत्रणांनी भरलेली, कुणी न उघडणारी. शिवाय अशी सूचना म्हणजे नुसती बातमी. ती आपणहून काही बंद करत नाही. खर्चाचे आकडेही तिच्यापर्यंत आठ-बारा तास उशिरा पोचतात.

मॅडमनी लगेच कन्सोल उघडला. मुंबई रिजन (यंत्रं ज्या भागातल्या केंद्रात असतात तो भाग) निवडलेला होता. सर्व्हर: शून्य. लोड बॅलन्सर: शून्य. म्हणजे बिलात तीस दिवस यंत्रं चालली आहेत आणि पडद्यावर एकही यंत्र नाही. पहिला अर्धा तास कुणी खातं हॅक केलंय याच समजुतीत गेला. तसं होतंही, गिटहबवर (प्रोग्राम ठेवायच्या सार्वजनिक जागेवर) चुकून चढवलेली खात्याची किल्ली शोधणारे बॉट टपलेलेच असतात. इथे मात्र उत्तर वरच्या उजव्या कोपऱ्यात होतं. सर्व्हरची यादी एका वेळी एकाच रिजनची दिसते, आणि व्हिडिओतल्या माणसाने अमेरिकेतला उत्तर व्हर्जिनिया रिजन निवडलेला होता. मुलांनीही तेच निवडलं. रिजन बदलला आणि सहा सर्व्हर हिरव्या दिव्यासकट हजर.

(पंचगंगेचा आकडा कोल्हापूरकराला दाखवायला तो व्हर्जिनियाहून आणायचा, हेही एक नवलच. अंतर साधारण तेरा हजार किलोमीटर; फायबरमधल्या प्रकाशाच्या वेगाने सरळ रेषेत गेलं तरी जाऊन येऊन १३० मिलिसेकंद, प्रत्यक्षात दोनशेच्या वर. मुंबई चारशे किलोमीटरच्या आत आहे, आणि तिथे एडब्ल्यूएसचं रिजन २०१६ पासून आहे.)

'मी रोज स्टॉप केलोय की'

विभागप्रमुखांनी तिन्ही गटांना बोलावलं. त्यांच्या लेखी प्रकरण सरळ होतं: मुलांनी निष्काळजीपणा केला, सर्व्हर चालू ठेवून गावाला गेली, रक्कम बारा जणांत वाटून वसूल करा. एका गटातला मुलगा मात्र हटूनच बसला. "सर, मी रोज संध्याकाळी स्टॉप केलोय की. दोन्ही. ह्यो बघा स्क्रीनशॉट."

स्क्रीनशॉट खरा होता. दोन्ही सर्व्हरपुढे 'स्टॉप्ड' लिहिलेलं, तारीख डेमोनंतरची. एवढंच नाही, त्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर यावरून भांडणही झालं होतं. सकाळी उघडावं तर सर्व्हर परत चालू. मग 'कुणी चालू केलंय रे?' आणि सगळ्यांचं 'मी न्हाई, मी न्हाई.' दोन-तीन दिवस एकमेकांवर संशय घेऊन झाल्यावर त्यांनी भांडणाचा नाद सोडला आणि परीक्षेच्या तयारीला लागले.

इथे मॅडमनी जे केलं ते मला फार आवडलं. दंडाची चर्चा बाजूला ठेवून त्यांनी त्या मुलाला प्रयोगशाळेतल्या प्रोजेक्टरसमोर बसवलं आणि सांगितलं, "रोज करत होतास तसंच कर." त्याने यादीतले दोन सर्व्हर निवडले, स्टॉप केले. अवस्था बदलली, 'स्टॉप्ड' आलं. तो मागे वळून म्हणाला, "झालं की." मॅडम म्हणाल्या, "आता लॅपटॉप मिटायचा नाही. थांब."

काही मिनिटांत बंद केलेल्या दोन्हींपुढे 'टर्मिनेटेड' (कायमचे काढून टाकले) आलं आणि यादीत दोन नवे सर्व्हर उगवले. ओळखक्रमांक वेगळे, नावाचा रकाना रिकामा. मग ऑटो स्केलिंग ग्रुपची नोंदवही उघडली. तिथे प्रत्येक दिवसाची तीच गोष्ट साध्या वाक्यात लिहिलेली होती: आरोग्य तपासणीत सर्व्हर थांबलेला आढळला, म्हणून तो सेवेतून काढला, संख्या ठरल्यापेक्षा कमी झाली, म्हणून नवा सुरू केला. क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे खात्यात कुणी काय केलं याच्या नोंदवहीतही तसंच. थांबवण्याच्या नोंदीपुढे मुलाचं लॉगिन, नवा सुरू करण्याच्या नोंदीपुढे माणूस कुणीच नाही, खुद्द ऑटो स्केलिंग सेवा.

म्हणजे मुलगा खोटं बोलत नव्हता आणि यंत्रणाही चुकत नव्हती. ग्रुप तयार करताना 'कमीत कमी दोन' असा आकडा त्यानेच भरला होता. तो आकडा त्याला डेमोपुरती एक सेटिंग वाटला. यंत्रणेने तो कायमचा हुकूम मानला. दोनाचा एक किंवा शून्य झाला की हा बिघाडच, आणि बिघाड दुरुस्त करणं हेच तर तिचं काम. रोज संध्याकाळी तो जे बंद करत होता, ते रोज रात्री इमानेइतबारे दुरुस्त होत होतं.

तोंडी परीक्षेत मी त्याच मुलाला विचारलं, ऑटो स्केलिंग म्हणजे काय. त्याचं गाव भोगावतीकाठचं. तो म्हणाला, "सर, राधानगरीचं दरवाजं." राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की एकेक दरवाजा आपोआप उघडतो, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक, आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतो. बटण दाबायला कुणी लागत नाही. मी म्हटलं, आणि एखादा दरवाजा ओढून मिटवला तर? "पाणी तेवढंच असलं तर परत उघडणार की. मिटवायचा तर पातळीचं बघाय पायजे, दरवाजाचं न्हाई." मी पूर्ण मार्क दिले. व्याख्या त्याला धड सांगता आली नाही; मी विचारलीही नाही.

बिल वाचताना

आता रकमेकडे. मॅडमनी एका गटाचा सप्टेंबर फळ्यावर मांडला होता आणि मला वाटतं, अख्ख्या सत्रातला सगळ्यात उपयोगी तास तो असावा. सप्टेंबर म्हणजे ७२० तास. व्हर्जिनियातले दर असे: छोटा सर्व्हर ताशी ०.०११६ डॉलर, असे दोन. लोड बॅलन्सर ताशी ०.०२२५, नॅट गेटवे ०.०४५, आणि फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याला (यंत्राच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाला) ताशी ०.००५. या मांडणीत असे पत्ते तीन, दोन लोड बॅलन्सरचे आणि एक गेटवेचा.

गुणाकार केला की सर्व्हर १६.७० डॉलर, लोड बॅलन्सर १६.२०, नॅट गेटवे ३२.४०, पत्ते १०.८०, शिवाय डिस्कचा सव्वा डॉलर. एकूण सत्त्याहत्तरच्या थोडं वर. रुपयांत आणून १८ टक्के जीएसटी लावला की एका गटाचे साडेसात-आठ हजार. गुणिले तीन.

यातला मला खटकलेला आकडा म्हणजे सर्व्हरचा. मुलं ज्याला सर्व्हर म्हणत होती, जे रोज बंद करत होती, ज्यावरून भांडत होती, तो भाग बिलाच्या पाव हिस्साही नाही. तो खरोखर बंद राहिला असता तरी पाऊणाहून जास्त बिल आलंच असतं. सगळ्यात मोठा खर्च नॅट गेटवेचा, आणि तिन्ही गटांत ते कशासाठी आहे हे नीट सांगणारी एकच मुलगी निघाली. व्हिडिओत होतं म्हणून घेतलं, हे बाकीच्यांचं उत्तर. यात मुलांना हसण्यासारखं काही नाही. कंपन्यांतही महिन्याच्या बिलात नॅट गेटवेची ओळ बघून डोकं खाजवणारे मी भरपूर पाहिलेत.

आवराआवर करायलाही क्रम लागला. आधी ग्रुपचा आकडा शून्य करून ग्रुप काढायचा, मग लोड बॅलन्सर, मग गेटवे. एवढं करून एक गट निर्धास्त झाला, आणि दुसऱ्या दिवशी खर्चात बारा सेंट दिसलेच. गेटवे काढला तरी त्याला दिलेला राखीव आयपी पत्ता खात्यातच राहतो. तो वेगळा सोडावा लागतो. रक्कम क्षुल्लक, पण तो शोध मुलांनी मॅडमना न विचारता, नुसतं बिल बघून लावला.

कार्यालयात

पैसे मॅडमनी मंजुरी देऊन भरले आणि परतावा मिळावा म्हणून कार्यालयात अर्ज दिला. दंडाच्या प्रस्तावाला त्यांनी ठाम नकार दिला होता: मुलांनी सांगितलेलं काम केलं, पुढचं शिकवलेलं नव्हतं. पण आता फाइल अडली ती वेगळ्याच ठिकाणी.

भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न: "मॅडम, वस्तू कुठाय? डेड स्टॉकला काय चढवू?" (डेड स्टॉक म्हणजे कायमच्या वस्तूंची नोंदवही.) वस्तू नाही, सेवा आहे. मग तीन कोटेशनं कुठायत? दर ताशी आहेत, रक्कम वापरल्यावर कळते, आधी कोटेशन कसलं आणणार? बरं, मग कन्झ्युमेबलमध्ये टाकू. पण कन्झ्युमेबल म्हणजे खडू, टोनर, सोल्डरची तार. संपलेलं दाखवावं लागतं. "ह्यात संपलं काय?" मॅडम म्हणाल्या, "तास."

ही फाइल मी वाचली आहे आणि मला ती गमतीची वाटली नाही. भाऊसाहेब अडवणूक करत नव्हते. भांडवली खर्चाकडून चालू खर्चाकडे जाणं, हे जे पहिल्या युनिटात 'क्लाउडचे फायदे' म्हणून पाठ करवून घेतलं जातं, ते प्रत्यक्षात एका कार्यालयाला किती अवघड जातं हे त्या टिपणांत ओळीओळीने दिसतं. खरेदीची सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: पैसे जाण्याआधी माणूस सही करतो. इथे मुलाने एका पडद्यावर 'दोन' असा आकडा भरला तीच सही झाली होती. पुढच्या वर्षी मॅडमनी ती टिपणं, नावं खोडून, वर्गात वाटायला हवीत असं मी त्यांना सुचवलं. त्या नुसत्या हसल्या.

मेकॅनिकलच्या मुलीचा प्रश्न

तोंडी परीक्षेत मेकॅनिकलची एक मुलगी आली. तिच्या गटाचं पान साधं, एका सर्व्हरवरचं. मी विचारलं, तुम्ही लोड बॅलन्सर का नाही लावला? तिने उलट मलाच विचारलं, "सर, आकडा तासातनं एकदा बदलणार. मग दर वेळी सर्व्हरनं पान कशाला बनवायचं?"

बरोबर आहे! पातळीचा आकडा सगळ्यांना एकच दिसायचा आहे. तासाला एकदा एक छोटी फाइल तयार करून ती एस-थ्रीसारख्या साठवणीत ठेवली की काम झालं. एक लाख लोकांनी पान उघडलं तर विनंत्यांचा खर्च चार सेंट, म्हणजे तीन-चार रुपये. पान वीस किलोबाइटचं धरलं तर लाखभर वेळा उघडून दोन जीबी डेटा बाहेर गेला, आणि दरमहा पहिले १०० जीबी फुकट असतात. पूर आला तरी बंद करायला काही नाही, पूर ओसरला तरी बंद करायला काही नाही. एका बाजूला साडेसात हजार, दुसऱ्या बाजूला चहाही येणार नाही इतके पैसे, आणि पाहणाऱ्याला दिसणार तोच आकडा.

माझी तक्रार इथे अभ्यासक्रमाबद्दल आहे. ऑटो स्केलिंग हा धडा आहे म्हणून प्रकल्पात ऑटो स्केलिंग बसवलं गेलं. प्रश्नाला त्याची गरज आहे का, हे विचारायला कुठे जागाच ठेवलेली नव्हती. विचारणारी मुलगी त्या विभागाची नव्हती, म्हणून तिने विचारलं असावं. ज्या पानावर लोक काही लिहितात तिथे गोष्ट वेगळी. पुरात अडकलेल्यांनी मदतीसाठी नोंद करायची असेल तर नुसती फाइल पुरणार नाही. तिथेही आधी लॅम्डासारखी, विनंती आली तेवढ्यापुरती चालणारी आणि एरवी शून्यावर बसणारी सेवा पाहावी. चोवीस तास जागे सर्व्हर त्यानंतर. लॅम्डा २०१४ पासून आहे आणि महिन्याला पहिल्या दहा लाख विनंत्या तिथे फुकट आहेत. अभ्यासक्रमात ती शेवटच्या युनिटात, 'नवे प्रवाह' या मथळ्याखाली.

पुढच्या वर्षी काय बदललं

पहिलं प्रात्यक्षिक आता सर्व्हर चालू करण्याचं नाही. गट कागदावर मांडणी काढतो, प्रत्येक भागाचा ताशी दर दरपत्रकातून शोधतो, महिन्याचा अंदाज लिहून मॅडमना देतो. सत्राच्या शेवटी तोच कागद खऱ्या खर्चाशेजारी ठेवला जातो आणि फरक का पडला यावर मार्क असतात. खात्यात तयार केलेल्या प्रत्येक गोष्टीला गटाचं टॅग, म्हणजे नावाची चिठ्ठी, लागतं. टॅग नसेल तर परवानगीच्या नियमामुळे ती तयारच होत नाही. रिजन मुंबईला बांधून टाकला आहे. बजेट सूचना तिघांच्या फोनवर जाते, त्यातला एक विद्यार्थी.

खात्यांचा प्रश्न बराचसा सुटला. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेच्या विद्यार्थी योजनेत महाविद्यालयाच्या ईमेलवर कार्डाशिवाय शंभर डॉलरचं क्रेडिट मिळतं, ते संपलं की सेवा थांबते. एडब्ल्यूएस अकॅडमीची मर्यादित प्रयोगशाळाही आहे. विभागप्रमुखांचं म्हणणं, आता सगळं तिथेच करा, खरं खातं बंद करून टाका. मॅडमचं म्हणणं, एक तरी प्रात्यक्षिक खऱ्या खात्यावर हवं: उभं करा, पुसा, दुसऱ्या दिवशी खर्च शून्य आलाय हे दाखवा. मी मॅडमच्या बाजूचा. कुंपणातल्या प्रयोगशाळेत वेळ संपली की सगळं आपोआप थांबतं, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात जे जमायला हवं तेवढंच तिथे शिकायचं राहून जातं. पण विभागप्रमुखांच्या बाजूलाही तथ्य आहे: कार्ड अजून मॅडमचंच आहे, आणि एखाद्या शिक्षिकेने दरवर्षी स्वतःच्या कार्डावर हा धडा का शिकवावा, याचं उत्तर माझ्याकडे मागितलं गेलं तेव्हा मी विषय बदलला.

शेवटी व्यवस्थापनाने विभागाच्या नावाचं, कमी मर्यादेचं कार्ड काढायला तोंडी मान्यता दिली आहे. लेखी आदेश अजून निघालेला नाही, कारण खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे ठरत नाही. सध्या तो 'दूरध्वनी व इंटरनेट'मध्ये जातो, आणि ऑडिटरने त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.